एक्झॉस्टचं कडं

गोणपाटावर एकूण अठरा वस्तू होत्या. बुलेटचं हेड एक. व्हॉल्व्ह दोन, हवा आत घेणारा सरळ, धूर बाहेर सोडणारा देठाशी वाकलेला. स्प्रिंगा चार, चारही शाबूत. हेड आवळायचे नट पाच. पिस्टन एक, माथ्यावर चार ठिकाणी खोल ठेचलेला. आणि एक्झॉस्टच्या कड्याचे तुकडे पाच. दामिनीने ते तुकडे कागदावर एकमेकांना लावून गोल जुळवला, तेव्हा सातवा हिस्सा कमी पडला. तेवढा इंजिनातच भुगा झाला असावा, नाहीतर सायलेन्सरवाटे लगाम गावाच्या रस्त्यावर सांडला असावा.

एप्रिलची सकाळ होती. गॅरेजचं शटर तिने अर्धंच वर केलं होतं. आष्टीच्या चौकातून आल्लापल्लीकडे जाणारे ट्रक मोजणं तिने महिन्यापूर्वीच सोडलं होतं, तरी एक गेला की हातातला पाना आपोआप थांबायचा. वडील, इस्तारी, पहाटेच जाळं घेऊन वैनगंगेवर गेले होते. त्यांनी तीस वर्षं याच गॅरेजात जुन्या गाड्या उघडल्या आणि जोडल्या. पण नऊ मार्चपासून पान्याला हात लावला नव्हता. पोलीस ठाण्याच्या आवारातून गाडी सोडवून आणायलाही ते आले नाहीत. दामिनीच टेम्पो घेऊन गेली.

इंजिन उघडण्याआधीच इस्तारीने निकाल देऊन टाकला होता. दहाव्याला आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी एकच सांगितलं, "माह्या हातानं बसवलेलं कडं सुटलं. मीच मारलो पोराले." लोकांना वाटलं, दुःखाने माणूस बरळतो आहे. मान हलवून ते चहाचा कप खाली ठेवत. ते बरळणं नाही हे घरात एकट्या दामिनीला ठाऊक होतं. तिचा भाऊ भूपेश गेला तेव्हा रस्त्यावर मागच्या चाकाची काळी रेघ उमटली होती. ती रेघ तिने पावलांनी मोजली होती. नऊ पावलं. चाक फिरता फिरता जागच्या जागी अडकलं की अशी रेघ उमटते, आणि चाक तेव्हाच असं अडकतं, जेव्हा इंजिन अडकतं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला थांबायला तेवढी नऊ पावलं पुरली नाहीत.

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. त्याच्या पोटात दोन खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक कडं घट्ट दाबून बसवलेलं असतं. व्हॉल्व्ह त्या कड्यावर मिनिटाला हजारदा आपटतो, म्हणून कडं कडक लागतं आणि त्याहून जास्त, जागेवर लागतं. ते ना चिकटवलेलं असतं, ना आवळलेलं. खाचेपेक्षा केसभर मोठं करून आत कोंबलेलं असतं, आणि त्या केसभर कोंबण्यावरच सगळं टिकून असतं. कडं सैल होऊन खाली पडलं तर ते पिस्टनच्या माथ्यावर पडतं. पुढचं सगळं एका क्षणात होतं.

आता ते कडं पाच तुकड्यांत तिच्यासमोर होतं. वडील म्हणत होते तसंच झालं होतं, यात शंका उरली नव्हती. उरला होता तो दुसरा प्रश्न, आणि तो घरात कुणी विचारला नव्हता. कडं सुटलं का? बसवणारे हात वडिलांचे होते, पण कड्याचं माप दामिनीचं होतं.

*

जानेवारीत गोष्ट अशी घडली होती. भूपेशची बुलेट त्याच्या जन्माआधीची, कुठल्याशा लिलावातून घरात आलेली. तिच्यावर दोन्ही बाजूंना थर्माकोलचे डबे बांधून तो आष्टीची मासोळी बर्फात घालून आल्लापल्ली, एटापल्लीच्या बाजारात न्यायचा. नवी गाडी घे म्हटलं तर म्हणायचा, "नवी गाडी वझ्याखाली रडते, हे म्हातारं गाणं म्हणते." संक्रांतीच्या आधी म्हातारं गाणं म्हणेनासं झालं. किक मारली की पाय सरळ खाली जायचा, कॉम्प्रेशन म्हणून उरलंच नव्हतं.

इस्तारीने हेड उतरवलं, रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं आणि आतल्या बाजूला खडूची पूड चोळून ठेवून दिलं. जेवून आले तेव्हा पांढऱ्या पुडीवर प्लगच्या भोकापासून एक्झॉस्टच्या कड्यापर्यंत बारीक ओली रेघ उठली होती. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूने ओढून बाहेर काढलं होतं. बी.एस्सी. झालेली, पुढच्या प्रवेशाची वाट पाहत घरी असलेली दामिनी ती रेघ बघून हरखली. चार पैशांच्या खडूने एवढं दिसतं, हे तिच्या प्रयोगशाळेत तिला कुणी दाखवलं नव्हतं.

"हे गेलं," इस्तारी म्हणाले. "आता त्या दोघांतून एक निवडाचं."

फळीवर जुनी दोन हेड होती. पहिलं देखणं, इंजिन गार ठेवणारा पंख न् पंख शाबूत. दुसरं जंगल खात्याच्या भंगारातून आलेलं, दोन पंख तुटलेले, एक्झॉस्टचं कडं झिजून आत गेलेलं. भूपेशने अर्थातच देखणं उचललं. इस्तारीने ते बोटाच्या पेराने वाजवलं, कानाशी नेलं आणि मान हलवली. "याले लय डाव घासलं हाये. पोट उथळ झालं याचं. वझं घेऊन चढावर इंजिन ठोकन."

"नुसतं वाजवून समजते का जी तुमाले?" भूपेश हसला. "मंग दवाखान्यात काऊन नाई बसत?"

दामिनीने दवाखान्यातली वीस मिलिलिटरची सिरिंज आणली, हेड उलटं ठेवलं, वर काच ठेवली आणि काचेच्या फटीतून रॉकेल भरत मोजलं. तडकलेल्या हेडच्या पोटात जेवढं रॉकेल मावलं, त्यापेक्षा देखण्या हेडमध्ये चार मिलिलिटर कमी मावलं. तुटक्या पंखांच्या हेडमध्ये बरोबर तेवढंच मावलं. तिने आकडे कागदावर लिहून बापापुढे धरले. इस्तारीने तो कागद हातात घेतला, दोनदा पाहिला आणि दिवसभर खिशात ठेवला. आल्यागेल्याला काढून दाखवायचे, "माह्या पोरीनं मोजलं. मी कानानं सांगतलं, तेच तिनं सुईनं काढलं."

तुटक्या पंखांचं हेड ठरलं. त्याचं झिजलेलं कडं काढायचं आणि नवं बसवायचं. त्यासाठी गोंडपिपरीला गुलाबभाऊंचं लेथ होतं. गुलाबभाऊ आणि इस्तारी जुने सोबती. एकाचा जय भीम आणि दुसऱ्याचा राम राम एकाच दमात पडायचा, मग दोघं तासभर बोलायचे नाहीत, नुसतं काम करायचे. गुलाबभाऊंनी हेड लेथवर चढवून जुनं कडं कापून काढलं, खाच साफ केली आणि संध्याकाळी परत पाठवलं.

इथे इस्तारीचा एक नेम होता. लेथवरून उतरलेल्या वस्तूचं माप त्याच दिवशी घ्यायचं नाही. हेड आणि कडं दोन्ही एका फडक्यात बांधायची, माप घ्यायचं मायक्रोमीटरही त्यांच्या सोबत बांधायचं, रात्रभर माठाखाली ठेवायचं आणि सकाळी मोजायचं. "लोखंड झोपून उठलं का मंगच खरं बोलते," असं ते म्हणायचे. कमी पडलं तर पुन्हा गोंडपिपरी, पुन्हा एक रात्र. कड्याला तीन दिवस लागायचे.

भूपेशकडे तीन दिवस नव्हते. तलावावर जाळ्याची पहिली ओढ पडणार होती आणि बाजार दुसऱ्याच दिवशी होता. "बाबा, लोखंडाले झोपवता, मासोळीले कोण झोपवन? थे सडून जाईन."

तोडगा दामिनीने काढला. सकाळी पडवीत बसून तिने खाच तीन ठिकाणी मोजली. बेचाळीस मिलिमीटर, तिन्ही ठिकाणी. म्हणजे कडं मिलिमीटरच्या दहा शतांशाने मोठं हवं, ४२.१०. हेड कशाला न्यायचं? आकडा नेला की पुरे. हेडचं वजन साडेतीन किलो होतं. आकड्याचं काहीच नव्हतं. गुलाबभाऊ त्या मापाचं कडं काढून देतील, ती तिथेच मोजून घेईल आणि दुपारच्या बसने परत येईल.

इस्तारीने तिच्याकडे पाहिलं. नेम मोडायची त्यांची इच्छा नव्हती, हे दिसत होतं. पण खिशात तो रॉकेलच्या आकड्यांचा कागद होता. "जा मंग," ते म्हणाले. "तू शिकली हायेस. तुले जास्त समजते."

गोंडपिपरीत सगळं घाईघाईत झालं. जुन्या पंपाच्या बिडाच्या नळकांड्यातून गुलाबभाऊंनी कडं कापलं. ते उतरलं तेव्हा तव्यावरच्या भाकरीसारखं होतं. दामिनीने ते फडक्यात धरलं, मायक्रोमीटर लावलं आणि वाचलं. ४२.१०, नेमकं. तिला झालेला आनंद तिला अजून आठवत होता. बाहेर बस हॉर्न वाजवत होती.

संध्याकाळी गॅरेजात हेड रेतीने भरलेल्या घमेल्यात तापत ठेवलं, आणि कडं भूपेशच्या मासोळीच्या डब्यात बर्फामध्ये. इस्तारीने वरून मूठभर मीठ टाकायला सांगितलं. मिठाने बर्फ आणखी गार होतो आणि कडं आकसतं. नदीवरच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

"बाप रे, आता इंजिनाले झिंग्याचा वास येईन," भूपेश मीठ टाकत म्हणाला. "आल्लापल्लीच्या साऱ्या मांजरी मागं लागतीन माह्या."

हेडवर थुंकी नाचायला लागली तसं इस्तारीने चिमट्याने कडं उचललं आणि खाचेत टाकलं. एरवी त्याला वरून पितळी ठोकणीने दोन-चार ठोके द्यावे लागायचे आणि बसताना ते टणकन बोलायचं. या वेळी ते आपणहून गेलं. आवाज झालाच नाही.

इस्तारी हात तसाच ठेवून थांबले. "सोपं गेलं," ते म्हणाले.

"माप बरोबर आहे, बाबा," दामिनी म्हणाली.

 मग इस्तारीने पंच घेतला आणि कड्याच्या भोवती आठ ठिकाणी धातू ठोकून त्याच्या कडेवर आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे भूपेशने गाडीच्या अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणून किक मारली. म्हातारं पहिल्या किकला गायला लागलं आणि पन्नास दिवस गात राहिलं.

*

इस्तारी दुपारी परत आले. जाळं दाराबाहेर वाळत टाकलं, दोन मरळ दामिनीच्या आईकडे, प्रेमिलाबाईंकडे, आत पाठवल्या आणि शटरखालून वाकून गॅरेजात शिरले. गोणपाटाकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"काऊन खोललं?"

"कधीतरी खोलायचंच होतं ना, बाबा."

"मले माहीतच होतं आत का असन ते. तू उगाच हात काळे करून घेतले." ते उकिडवे बसले. पाच तुकड्यांचा गोल त्यांनी पाहिला, पण हात लावला नाही. "ते कडं सोपं गेलं होतं, दामिनी. हातानं सांगतलं मले. तीस वर्षं हात सांगते अन् मी आयकतो. त्याच दिवशी आयकलो नाई."

दामिनीला दोनच शब्द सांगायचे होते, 'माप माझं'.  तिने तुकडे पुन्हा कागदावर सारखे केले.

"परवा लटारू येते भंगाराचा टेम्पो घेऊन," इस्तारी उठत म्हणाले. "सारे हेड देऊन टाकाचे. पानेही. माणसानं मासोळी मारावं, तिचा जीव गेला तर निदान पोट भरते."

रात्रीच्या जेवणाला मरळ होती. इस्तारी जेवले नाहीत. प्रेमिलाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि भांडी घासताना लेकीला एवढंच म्हणाल्या, "त्या बोल्टा-नटात का शोधून राह्यली तू? मोजल्यानं कोणी घरी येते का?"

"नाई येत, आई."

"मंग?"

 सकाळी दामिनीने पाचही तुकडे भूपेशच्या रुमालात बांधले आणि गोंडपिपरीची बस धरली.

*

"या, बीएस्सीबाई," गुलाबभाऊंनी लेथ बंद न करताच हाक मारली. "ताक पेतेस का चहा? ताकच पे. या उन्हात चहा पेलेला माणूस कच्च्या इंजिनासारखा ठोकते."

मग त्यांनी तिच्या हातातला रुमाल पाहिला आणि लेथ बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. तुकडे त्यांनी तळहातावर घेतले, एकेक करून उजेडात धरले, तुटलेल्या कडा अंगठ्याने चाचपल्या.

"बीड कच्चं होतं का, भाऊ?" दामिनीने विचारलं.

"हाव. कच्चं होतं."

"खरं सांगा."

गुलाबभाऊंनी तुकडे परत रुमालात ठेवले. "नव्हतं," ते म्हणाले. "असं बीड आता भेटत नाई. पण आयक. तुह्या बापाले हेच सांगाचं. गुलाबच्या बिडात पोकळी होती, म्हणून तडकलं. मी सोता येतो सांगाले. त्याले माह्यावर रागावू दे, दोन वर्षं बोल्ला नाई तरी चालन. माहा पोरगा नाई गेला, बाई. हे वझं मी उचलू शकतो, थो नाई उचलू शकत."

दामिनीने ताकाचा पेला खाली ठेवला. किती सोपं होतं ते. वडील सुटले असते. ती सुटली असती. एका माणसाने आपणहून मान पुढे केली होती आणि ती मान त्यात खरोखर कापली जाणार नव्हती.

"त्या दिवशी मी कडं गरम असतानाच मोजलं ना, भाऊ?"

गुलाबभाऊ कपाळाचा घाम पुसायला लागले.  "मी तुले बोल्लो होतो, थांब जराशी. तू बोल्ली, बस निघून जाईन."

हे वाक्य ती विसरली होती. ऐकताच आठवलं, त्यांच्या आवाजासकट. पहिल्याच वर्षी तिने तापलेल्या धातूच्या लांबीचं गणित शंभरदा सोडवलं होतं. पैकीच्या पैकी गुण होते. फडक्यातून चटके बसत होते, तरी ते गणित हातातल्या कड्याला लागू आहे हे तिला त्या क्षणी दिसलं नव्हतं.

"किती गरम होतं, कोण सांगणार आता?" ती म्हणाली. "त्या तुकड्यांवरून माप निघत नाही."

गुलाबभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग लेथखालचा खण ओढला. चिंध्या बाजूला सारून त्यांनी आतून एक कडं काढलं आणि फळीवर ठेवलं. पूर्ण, गोल, कुठेही न वापरलेलं. वर काळ्या मार्करने लिहिलं होतं, ४२.१०. अक्षर दामिनीचंच होतं. बसच्या घाईत मोजलेलं हे दुसरं कडं ती विसरूनच गेली होती.

"बिडाचं कडं मी एकटं कधी काढत नाई. बसवतानी एखादं तडकते, मंग पुन्हा तसं नळकांडं कुठी शोधाचं? म्हणून जोडीनं काढतो. दोन्ही तूच मोजलीस, तशीच्या तशी गरम. एक नेलंस, हे राहिलं." त्यांनी ते तिच्याकडे सरकवलं. "मी मोजलो नाई. माह्याजवळ मापाचं यंत्र हाये, तरी मोजलो नाई. तुले मोजाचं असन तर मोज. नाईतर जातानी पुलावरून खाली टाकून दे. मी कोणाले इचारणार नाई अन् सांगणारही नाई."

"किती पकड लागते, भाऊ? कमीत कमी?"

"दहा पाह्यजे. सातपर्यंत निभते. सातच्या खाली पंचानं ठोका का वेल्डिंग करा, आज नाई तर उद्या खाली येते."

बसमध्ये तिने जुन्या तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. जानेवारीतल्या त्या सकाळी पडवीत अकरा अंश होतं. गारठ्याने खाच एका शतांशाने लहान दिसली असणार. तिथे एक गेला. कडं खरोखर ४२.१० असेल तर नऊची पकड उरत होती. नऊ टिकायला हवी होती. मग कडं सुटलं ते दुसऱ्या कशाने तरी, कदाचित बसवण्याने. कडं ४२.०८ असेल तरी सात उरत होते. त्याच्या खाली आलं, तर हातांचा काही संबंध नव्हता. जगातल्या कुठल्याही हातांनी ते कडं टिकलं नसतं.

वैनगंगेचा पूल आला. उन्हाळ्याने नदी दोन धारांत वाहत होती, मध्ये रेती. खिडकीशेजारच्या बाईने बाळाला पाणी दाखवलं. दामिनीने रुमाल दोन्ही हातांत धरला होता. पूल संपला.

*

इस्तारी गॅरेजात पाने गोळा करत होते. लहान एका डब्यात, मोठे एका डब्यात. भंगारात द्यायचे तरी लावून द्यायचे.

"बाबा, माप माझं होतं."

"कोणतं माप?"

"कड्याचं. मी गरम मोजलं. तुमच्या नेमाप्रमाणे रात्रभर ठेवलं असतं तर..." तिने कडं फळीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. गुलाबभाऊ काय खोटं बोलायला तयार होते तेही सांगितलं. आठ, सात, नऊ, एक, सगळे शतांश सांगितले.  इस्तारीच्या हातातला पाना कुठल्या डब्यात टाकायचा हे जणू ठरत नव्हतं.

"म्हणजे असं," ते शेवटी म्हणाले. "कडं बरोबर निघालं तर मी मारलो. कमी निघालं तर तू."

"तसं नाही, बाबा."

"तसंच हाये." त्यांनी पाना खाली ठेवला. "मंग मोजू नोको. एक जण पुरे हाये, माय. मी साठीचा माणूस, मले किती दिवस वाहाचं हाये. तुह्यापुढं साठ वर्षं हायेत."

"आणि नाही मोजलं तर?"

"तर का? माह्या हाताले समजलं होतं. तेवढं पुरते मले."

"मला नाही पुरत," दामिनी म्हणाली. आता तिचा आवाज फाटत होता आणि ती तो फाटू देत होती. "तुम्ही रोज नदीवर जाल, लोकांना सांगाल मीच मारलो, आणि मी आत बसून ऐकत राहीन. मला रोज वाटेल, की ते माझं होतं. आणि रोज वाटेल, की नसेलही. दोन्ही वाटेल. दादाचा फोटो बघितला की मी दरवेळी हिशेब करेन. एक काहीतरी असू द्या ना, बाबा."

बाहेर लटारूचा टेम्पो येऊन थांबला. तो एक दिवस आधीच आला होता. त्याने हॉर्न दिला. "इस्तारीभाऊ, माल काढा, उन्हाचं मीच भंगार होऊन राह्यलो!"

इस्तारी शटरपाशी गेले. "आज नाई," ते म्हणाले. "उद्या इचार."

"कालच तर बोल्ले, सारंच उचल म्हणून."

"उद्या बोल्लो ना बाबू."

टेम्पो निघून गेल्यावर ते परत आले. भिंतीवरच्या खिळ्याला भूपेशचा जुना पंचा लटकत होता, मासोळीचे डबे पुसायचा. त्यांनी तो काढला, झटकला, फळीवर पसरला. त्यावर कडं ठेवलं. लाकडी पेटीतून मायक्रोमीटर काढून शेजारी ठेवलं. चारही टोकं एकत्र आणून गाठ मारली, एक मारली आणि ती सुटेल म्हणून दुसरी मारली. ते गाठोडं घेऊन ते घरात गेले आणि माठाच्या तिवईखाली ओल्या विटेवर ठेवलं. प्रेमिलाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

सकाळी इस्तारी नदीवर गेले नाहीत. सहा वाजता ते माठापाशी वाकले आणि गाठोडं घेऊन पडवीत आले. दामिनी आधीच बसली होती. तिची झोप झालेली नव्हती, त्यांचीही नव्हती. गाठी ओल्या झाल्या होत्या; त्यांनी नखांनी सोडवल्या.

"तुम्ही मोजता?" तिने विचारलं.

"माहे डोळे आता बारीक रेघा पाहत नाई. तू वाच. मी धरतो."

तिने आधी मायक्रोमीटर रिकामं बंद करून शून्य तपासलं. शून्य बरोबर होतं. इस्तारीने कडं दोन बोटांत धरलं, कडं हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं. कड्याला हात जितका कमी लागेल तितका बरा, हे कुणाला सांगावं लागलं नाही. दामिनीने दांडा फिरवला. तीन टिकटिक ऐकल्या, थांबली, वाचलं. कडं फिरवून दुसऱ्या ठिकाणी लावलं, वाचलं. पुन्हा फिरवून तिसऱ्या ठिकाणी.

"सांग," इस्तारी म्हणाले.

तिन्ही ठिकाणी एकच माप आलं होतं. ४२.०६. पकड सातची नाही, पाचची.